शेजारच्या अडचणी

चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते. साहेबांच्या तोंडून ऐकलंत तर ते तिखटमीठ लावून सांगतील.

पालिकेच्या वस्ती विभागात मी लेखनिक आहे. विभाग म्हणजे तीन टेबलं, एक कुरकुरणारं कपाट आणि भिंतीवर शहराचा नकाशा. त्या नकाशात प्रत्येक वसाहत म्हणजे एक हिरवा चौकोन. यंदा पालिकेने ठरवलं, की नुसते दिवे आणि गटारं सांभाळून वसाहत राहण्याजोगी होत नाही, आत राहणाऱ्यांनीही एकमेकांना धरून राहायला हवं. म्हणून प्रत्येक वसाहतीने आपलं रहिवासी मंडळ काढायचं, त्याची पालिकेत नोंद करायची, आणि मग बाक कुठे हवा, दिवा कुठे हवा, झाड कुठलं लावायचं हे त्या मंडळानेच ठरवायचं. योजनेचं नाव ठेवलं 'आपला शेजार'.

नोंदीसाठी अट एकच होती. वसाहतीतल्या प्रत्येक घरातून एक भरलेला अर्ज हवा. अर्जात वर नाव, इमारत, घर क्रमांक आणि खाली एक मोठा रिकामा रकाना. त्या रकान्याचा मथळा मुळात होता, 'परिसरातील नागरी समस्यांचे स्वरूप'. साहेब म्हणाले, "हे कोणाला कळणार? जरा माणसांच्या भाषेत लिहा." मी लिहिलं, 'शेजारच्या अडचणी'. योजनेचं नावच शेजार, तेव्हा शेजार म्हणजे सगळी वसाहत, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. साहेबांनी मान हलवली, छापखान्याने छापलं, आणि पहिले अर्ज गेले ते चार इमारतींच्या, चौसष्ट घरांच्या, मधोमध अंगण असलेल्या एका वसाहतीत.

ती वसाहत माझी. क इमारत, दुसरा मजला, घर अकरा.

"तुमचाच भाग आहे, ओळखीपाळखी असतीलच," साहेब म्हणाले होते. तीन वर्षं तिथे राहून मला ओळखत होती ती फक्त जिन्यातली मांजर, आणि तीही माझ्याकडे पाहून तोंड फिरवायची. सकाळी आठला मी बाहेर पडते, संध्याकाळी सातला येते. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला हौस नाही आणि कोणी माझ्या घरात खुपसलेलं खपत नाही.

मंडळासाठी मी अंगणात दोनदा सभा बोलावली. पहिल्या वेळी पाच जण आले. दुसऱ्या वेळी फक्त क-सातचा बसड्रायव्हर आला, तोही अंगणातला बाक पालिका उचलून नेणार नाही ना, एवढंच विचारायला. त्या दिवशी मी फाइलमध्ये एक वाक्य लिहिलं: 'सदर वसाहतीत रहिवाशांचा परस्पर संपर्क नगण्य आहे.' ते वाक्य मला इतकं आवडलं की दोनदा वाचलं.

आणि ते मी नुसतं फाइलपुरतं लिहिलं नव्हतं. त्याच वाक्याच्या भरवशावर मी बाबांना शनिवारी ताईकडे पाठवणार होते.

बाबा छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं खणांच्या पेटीतून एकेक उचलायची, उलटी वाचायची आणि ओळीत जुळवायची, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावा पाय मागे राहिला. घरात आम्ही दोघंच, दिवसभर ते एकटेच. मार्चमध्ये एकदा मी कामावरून आले तर त्यांचं कोपर काळंनिळं. आधी म्हणाले दाराला लागलं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "न्हाणीघरात घसरलो. उठलो आपला आपण."

तो पाय घेऊन हा माणूस आपला आपण कसा उठेल? ओल्या फरशीवर तो किती तास पडून होता, कोणाला हाका मारत होता, आणि भिंतीपलीकडे कोणाला ऐकूही गेलं नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. ताई नऊ तासांवर राहते, पण ती दिवसभर घरी असते. मी बाबांना सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं.

"मला इथेच बरं वाटतं गं, ठमे," ते म्हणाले. मी हट्टाला पेटले की ते मला ठमी म्हणतात.

"इथे तुम्हाला बघायला कोण आहे?"

ते काठीची मूठ पुसत राहिले. मी पलंगाखालून बॅग काढली. ती आठवडाभर अर्धी भरलेली तिथेच पडून होती.

बुधवारी सकाळी मी जिन्याखाली ठेवलेली अर्जांची पेटी उचलायला गेले. पालिकेच्या एरवीच्या अर्जांचा अनुभव म्हणजे शंभरातले दहाच परत येणार. पेटी मात्र उचलताना जड लागली. ऑफिसात टेबलावर उपडी केली आणि मोजले. त्रेसष्ट. राहिलेला एक माझाच होता. बाबा म्हणाले होते, "घर तुझ्या नावावर आहे, तूच भर." आणि मला वेळ झाला नव्हता.

साहेबांनी चष्मा पुसला आणि पहिला अर्ज उचलला. साहेब नियमाचे पक्के. रेघसुद्धा पट्टी लावल्याशिवाय मारत नाहीत. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

मी घेतला. शेजारच्या अडचणी, आणि त्याखाली निळ्या शाईत: 'वरच्या आजोबांना ऐकू येत नाही. दार वाजवून उपयोग नाही. दाराखालून कागद सरकवावा, तो त्यांना दिसतो.'

दुसरा: 'पलीकडची नर्स रात्रपाळी करून दुपारी झोपते. मिक्सर बाराच्या आत फिरवावा.'

तिसरा: 'आमच्या शेजारी दोघे भाऊ राहतात, ते एकमेकांशी बोलत नाहीत. पाणी लवकर जाणार असेल तर दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं.'

माझ्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. शेजार म्हणजे वसाहत, हे फक्त आमच्या विभागाला माहीत. जगात बाकी सगळ्यांसाठी शेजार म्हणजे शेजारचं घर. गटार, दिवा, पाणी यांबद्दल अवाक्षर नव्हतं. त्रेसष्ट घरांनी मथळा वाचला आणि इमानेइतबारे आपापल्या शेजाऱ्याची अडचण लिहून दिली.

"हे सगळे बाद," साहेब म्हणाले. "नव्याने छापायला तीन आठवडे. नोंदणीची यादी शुक्रवारी जाते, पुढची तीन वर्षांनी. तुमची वसाहत आता तीन वर्षं विसरा." मग माझ्याकडे बघून, "माणसांच्या भाषेत लिहा म्हटलं होतं मी. माणसांना गोंधळात टाका म्हटलं नव्हतं."

मी अर्ज गोळा करायला लागले. साहेबांनी मात्र हातातला खाली ठेवला नाही. त्यांनी पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा.

"ऐका," ते म्हणाले. "'खालच्या मुलीचं बाळ फार रडतं. तिला वाटतं सगळ्यांना त्रास होतो, म्हणून ती खिडक्या लावून घामाघूम होत बसते. आम्हाला त्रास होत नाही, हे तिला कोणीतरी सांगावं. मी सांगितलं तर तिला टोमणा वाटेल.'"

मी उभीच होते, ती खुर्चीवर बसले.

मग आम्ही दोघंही वाचत राहिलो. 'शेजारचा बेकरीवाला पहाटे तीनचा गजर लावतो. भिंत पातळ आहे, आम्हीही उठतो. हे त्याला माहीत नाही. कृपया सांगू नये, बिचारा गजर बंद करेल आणि त्याची भट्टी उशिरा पेटेल.' एकाने रागारागाने लिहिलं होतं, 'शेजारच्यांची अडचण म्हणजे ते स्वतः.' आणि खाली वेगळ्या पेनाने, बहुधा दुसऱ्या दिवशी: 'तरी त्यांच्या गुडघ्यांचं बघावं. जिना चढताना ते दोनदा थांबतात आणि कोणी आलं की फोनवर बोलत असल्यासारखं करतात.'

मी ते वाचून हसले, आणि हसता हसता थांबले. तीन वर्षं मी त्याच जिन्याने चढत होते. फोनवर बोलणारा तो माणूस मला रोज दिसायचा. सारखा फोनला चिकटलेला असतो म्हणून मी त्याला मनातल्या मनात नावं ठेवली होती.

साहेब उठले, कपाटातून आमच्या वसाहतीचा आराखडा काढला आणि टेबलावर पसरला. चार इमारती, चौसष्ट चौकोन. त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली. ज्या घराने अर्ज लिहिला तिथून, ज्या घराबद्दल लिहिला तिथपर्यंत, एक बाण. काहींनी दोन-दोन शेजाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यांचे दोन बाण. मी वाचत होते, ते काढत होते. जेवणाची सुट्टी होऊन गेली, आम्ही डबे उघडले नाहीत. शिपाई चहा ठेवून गेला, तो गार झाला. आराखडा हळूहळू रेघांनी भरत गेला. आडव्या, उभ्या, तिरक्या, अंगण ओलांडून पलीकडे जाणाऱ्या. एकही चौकोन कोरा राहिला नाही. सभेला न येणारी, एकमेकांच्या दारात कधी बसलेली न दिसणारी ही माणसं भिंतीआडून इतकं ऐकत होती, इतकं सांभाळत होती, आणि त्याचा गवगवा कोणीही केला नव्हता. वीस वर्षं पालिकेत आहे, एवढी थक्क मी कशाने झालेले नाही.

"मंडळ काढा म्हणून आपण यांना सांगतोय," साहेब हळूच म्हणाले. मग पेन्सिल एका चौकोनावर टेकवली. "क-अकरा कोणाचं?"

मी हातातला गठ्ठा सरळ करायला लागले.

"इथे तीन बाण आलेत. आणि इथून एकही निघत नाही."

"माझं," मी म्हटलं. "माझा अर्ज राहिलाय."

ते तीन अर्ज साहेबांनी स्वतः वाचले होते. आता त्यांनी ते गठ्ठ्यातून काढून माझ्यापुढे सरकवले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

पहिला अंगणापलीकडच्या, दुपारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा होता. 'समोरचे जुळारी काका दिवसा एकटे असतात. सकाळी दहाला ते खिडकीत लाल पेला ठेवतात. पेला दिसला नाही तर जाऊन बघायचं, असं ठरलं आहे. आजवर दोनदा दिसला नाही. एकदा ते नुसते विसरले होते.'

तो लाल पेला. रोज संध्याकाळी घरी आले की मी तो खिडकीतून उचलून करवादायचे, "बाबा, कितीदा सांगितलं, हा इथे ठेवू नका, खाली कोणाच्या डोक्यात पडेल."

दुसरा खालच्या बसड्रायव्हरचा, बाकाची चौकशी करणाऱ्याचा. 'वरच्या काकांनी काठी दोनदा आपटली म्हणजे ठीक. तीनदा म्हणजे वर या. मार्चमध्ये पडले तेव्हा शाळेच्या बाई आणि मी पाच मिनिटांत पोचलो. कोपराला बर्फ लावला. मुलीला सांगू नका म्हणाले, ती आधीच दमून येते.'

पाच मिनिटं. दोन महिने मी ज्या फरशीवर त्यांना तासन्‌तास पडलेलं बघत होते, त्या फरशीवर ते पाच मिनिटं होते.

तिसरा भिंतीला भिंत लागून असलेल्या क-बाराचा, शिवणकाम करणाऱ्या काकूंचा. अक्षर मोठं, ओळी वरखाली गेलेल्या. 'शेजारच्या काकांना विशेष अडचण नाही. त्यांच्या मुलीची आहे. तिची इथे कोणाशी ओळख नाही. ती एकटी पडली आहे. तिला कसं विचारावं ते कळत नाही.'

मी तो अर्ज किती वेळ धरून बसले होते ते सांगता येणार नाही. डोळे पुसले ते साहेबांनी पाहिलं नाही, किंवा पाहिलं नाही असं दाखवलं.

"प्रत्येक घराचा अर्ज लागतो," ते खिडकीतूनच म्हणाले. "चौसष्टावा उद्या सकाळी आणा."

"पण साहेब, मथळा चुकलाय. बाद म्हणालात ना."

"कुठे चुकलाय? मला तरी चूक दिसत नाही." आणि मग, "आज लवकर गेलात तरी चालेल."

साडेचारला मी घरी पोचले. इतक्या उजेडात मी आमचा जिना क्वचितच पाहिला होता. दार नुसतं लोटलेलं. आत बाबा नाहीत, काठी नाही. मी न्हाणीघराकडे धावले. तेवढ्यात भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, छापखान्यात असायचा तसा खणखणीत.

"हा निळा. काळा तुमच्या डाव्या हाताला, तिसऱ्या खणात. बरोबर. त्याच्याखाली राखाडी."

क-बाराचं दार उघडंच होतं. काकू मशीनवर बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला एक उथळ लाकडी पेटी, लहान-लहान खणांची, आणि प्रत्येक खणात दोऱ्याचं एकेक रीळ. ती पेटी मी ओळखली. बाबांनी छापखाना सोडताना आठवण म्हणून आणलेली अक्षरांची पेटी. आमच्या माळ्यावरून ती गेली कधी, हे मला कळलंही नव्हतं. काकूंनी तिच्याकडे न बघता हात टाकला आणि बरोबर रीळ उचललं. बाबा समोरच्या खुर्चीत ताठ बसून सुईत दोरा ओवत होते. दोन्ही हात पक्के.

मला पाहून दोघंही चोरी पकडल्यासारखे गप्प झाले.

"काकू," मी म्हटलं. त्यांना मी पहिल्यांदाच हाक मारत होते. "माझा अर्ज राहिलाय. त्यात शेजारच्यांची अडचण लिहायची आहे आणि मला तुमची एकही अडचण माहीत नाही. लाज वाटते सांगायला. तुम्हीच सांगा."

काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "बस आधी," त्या म्हणाल्या. मी जमिनीवरच बसले. "माझे डोळे चाललेत. वर्ष झालं. शिवण हाताला कळते, पण रंग कळत नाहीत. गिऱ्हाइकांना कळलं तर काम बंद होईल. तुझ्या बाबांनी ही पेटी लावून दिली आणि रोज चारला येऊन रंग तपासून जातात. त्यांनी कोणाला चकार शब्द सांगितला नाही, तुलाही नाही."

"मग हेच लिहू?"

"डोळ्यांचं नको लिहू." त्यांनी हातातलं रीळ पेटीत ठेवलं. "तू विचारलंस म्हणून सांगते. एरवी बोलले नसते. मोठ्या मुलीच्या घरी जायचं म्हणतात, तिथे मी कशी आड येऊ? पण खरी अडचण एकच आहे. शनिवारी काका जाणार."

बाबा दोऱ्याला गाठ मारण्यात फारच गुंतल्यासारखे दिसत होते.

मी तिथेच, जमिनीवर बसून, मांडीवर पुस्तक घेऊन अर्ज भरला. एकच ओळ. बाबांनी हात पुढे केला, तशी वाचायला दिली. त्यांनी ओळ नाही, मथळा वाचला. त्यांच्या मिश्या हलल्या.

"हा अर्ज जिन्यात चिकटवलेला पाहिला त्याच दिवशी मला चूक दिसली होती," ते म्हणाले. "'शेजारच्या' नव्हे, 'वसाहतीच्या' हवं होतं. दहा-बारा जण विचारायलाही आले, काका, नक्की काय लिहायचं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"जसं छापलंय तसंच भरा म्हटलं."

"आणि मला का नाही बोललात, बाबा?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या गं, ठमे. ही राहू द्यावीशी वाटली."

ताईला मी काकूंच्या घरातूनच फोन लावला. ती आधी चिडली, मग तिने पेल्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, आणि शेवटी म्हणाली, "माझ्या इमारतीत असं कोणी असेल का गं?" "विचारून बघ," मी म्हटलं. घरी येऊन बॅगेतले कपडे कपाटात लावले. लाल पेला खिडकीतून काढला आणि न करवादता जागेवर ठेवला, सकाळी दहाला लागणार होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौसष्टावा अर्ज हातात घेतला. क-अकरा. शेजारच्या अडचणी: 'आमचे बाबा शनिवारी जाणार आहेत.'

"ही अडचण सुटली का?" त्यांनी विचारलं.

"सुटली, साहेब. जाणार नाहीत."

त्यांनी अर्जावर 'निकाली' असा शेरा मारला आणि तो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. मग कपाटातून आराखडा काढला, पट्टी नीट लावली आणि क-अकरामधून बाहेर जाणारा पहिला बाण काढला.